बाबांना घेऊन मिनेसोटा: गहू, ओर आणि बीट

शनिवार, शिकागो ते मिनिआपोलिस

आईबाबा उन्हाळ्यापासून आमच्याकडे आहेत, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आणि बाबांनी एक दिवस सरळ सांगून टाकलं की बिल्डिंगी बघून मान दुखायला लागली, आता काहीतरी दुसरं दाखव. बाबा म्हणजे रेडीचे. आपल्या वेंगुर्ले तालुक्यातलं रेडी, जिथला तो द्विभुज गणपती 1976 साली खाणीतच सापडला. त्यांची सगळी नोकरी तिथे मायनिंगच्या वजनकाट्यावर गेली, टिपर आला की वजन, टिपर गेला की वजन. म्हटलं चला, ह्या माणसाला लोखंडाच्या खाणी दाखवूया, अमेरिकेचं तीन चतुर्थांशाहून जास्त ओर, म्हणजे लोहखनिज, जिथून निघतं ते मिनेसोटा राज्य आमच्यापासून एका दिवसाच्या ड्राइव्हवर आहे. बायकोला सुट्टी नव्हती आणि मुलांची शाळा, त्यामुळे मी आणि ते दोघं. सप्टेंबर संपत आलेला, झाडं पिवळी लाल व्हायला लागलेली, थंडी अजून अंगावर येत नाही असे दिवस.

साधारण 400 मैल, विस्कॉन्सिन पूर्ण आडवं पार करायचं. आईने थालीपीठं आणि लसणीची चटणी घेतली होती, ती मॅडिसनच्या पुढे एका रेस्ट एरियात संपली. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मका, सोयाबीन, गाई, परत मका.

वाटेत बाबांना राज्याचा अंदाज दिला. क्षेत्रफळ सव्वादोन लाख चौरस किलोमीटर म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपट, आणि लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 57 लाख, एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. त्यातले अर्ध्याहून जास्त लोक मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ह्या जोडशहरांच्या आसपास. उरलेलं राज्य म्हणजे तळी, जंगल, शेती आणि खाणी. गाडीच्या नंबरप्लेटवर 10,000 तळी लिहितात, सरकारी मोजणीत 11,842 आहेत. बाबा म्हणाले, कमी लिहिणारे पहिल्यांदाच बघतोय.

रविवार, मिनिआपोलिस

सकाळी स्टोन आर्च ब्रिजवर गेलो. 1883 चा दगडी कमानींचा रेल्वे पूल, जेम्स हिल नावाच्या रेल्वेवाल्याने बांधलेला, आता चालायला आणि सायकलला. पुलावरून सेंट अँथनी फॉल्स दिसतो. धबधबा म्हणून बघायला गेलात तर हिरमोड होईल, काँक्रीटच्या उतारावरून पाणी घसरतंय एवढंच. पण अख्ख्या मिसिसिपी नदीवरचा मोठा नैसर्गिक धबधबा हा एवढाच होता आणि हे शहर इथे आहे ते निव्वळ ह्याच्यामुळे. वर चुनखडीचा थर आणि खाली भुसभुशीत वालुकाश्म, त्यामुळे धबधबा दरवर्षी मागे सरकत होता, त्यात 1869 मध्ये गिरणीवाल्यांनी पाणी वळवायला खालून बोगदा खणायला घेतला आणि तो कोसळला, सगळा धबधबाच वाहून जायची वेळ आली. मग सैन्याच्या इंजिनियरांनी बांध घालून वाचवला. म्हणून ते काँक्रीट.

ह्या पाण्यावर आधी लाकूड कापायच्या गिरण्या चालल्या आणि मग पिठाच्या गिरण्या. 1880 ते 1930 अशी पन्नास वर्षं जगात सगळ्यात जास्त पीठ इथे दळलं जायचं. कारण असं की उत्तरेकडे थंडी एवढी की गहू वसंतात पेरावा लागतो, तो कडक असतो, जुन्या दगडी जात्यावर दळला की कोंड्याचे ठिपके राहून पीठ काळपट यायचं आणि भाव पडायचा. 1870 च्या दशकात कोंडा वेगळा करणारं यंत्र आलं, मग पोलादी रोलर आले आणि तोच कडक गहू एकदम पहिल्या नंबरचा झाला.

नदीकाठी वॉशबर्न ए मिल ही जुनी गिरणी आहे, तिच्या जळक्या भिंतींच्या आतच 2003 पासून म्युझियम आहे. पहिली गिरणी 2 मे 1878 ला स्फोटात उडाली, 18 माणसं गेली. हवेत तरंगणारं पीठ पेटतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली म्हणजे आपल्या गिरणीवाल्याच्या भुवयांवर असतं तेच? हो, तेच, बंद जागेत आणि ठिणगी मिळाली तर. 1880 मध्ये परत बांधली तेव्हा धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली. भरात असताना इथे दिवसाला 1 कोटी 20 लाख पाव होतील एवढं पीठ निघायचं. 1965 ला बंद, 1991 ला आग. आत एका मोठ्या मालवाहू लिफ्टमध्ये बसवून मजल्यामजल्यावर जुन्या कामगारांच्या आवाजात गिरणी दाखवतात, ते नक्की बघा.

बाबांचा प्रश्न मात्र तिथे सुरू झाला आणि पुढे सगळ्या ट्रिपभर चालला. गहू गेला, पीठ गेलं, "मग गावाक काय गावला?"

मिनिआपोलिसला गावलं असं म्हणता येईल. दळण 1930 च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोकडे सरकलं पण पिठाच्या पैशातनं उभ्या राहिलेल्या कंपन्यांची ऑफिसं इथेच राहिली, जनरल मिल्स इथलीच, कारगिल इथल्याच उपनगरात, पुढे टार्गेट, बेस्ट बाय, पेसमेकरवाली मेडट्रॉनिक. आपली जी मराठी मंडळी इकडे आहेत ती बहुतेक अशाच ठिकाणी कामाला.

दुपारी एका सोमाली मॉलमध्ये सांबुसा खाल्ला, अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोमाली वस्ती ह्याच राज्यात. आईला जाम आवडला, तिने कृती विचारली, त्या बाईंनी सांगितलीही, दोघींचं इंग्लिश सारखंच असल्यामुळे मी मध्ये पडलो नाही.

संध्याकाळी फोर्ट स्नेलिंग. मिनेसोटा नदी जिथे मिसिसिपीला मिळते त्या टेकाडावर 1820 च्या दशकात बांधलेला किल्ला. इथले मूळ रहिवासी डकोटा लोक ह्या संगमाला ब्दोते म्हणतात आणि त्यांची सृष्टी इथून सुरू झाली असं त्यातले बरेच जण मानतात. ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम 1836 ते 1840 इथे मालकाबरोबर राहिला होता, गुलामी नसलेल्या प्रदेशात राहिलो म्हणजे मी मोकळा हा त्याचा दावा 1857 मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळला आणि यादवी युद्धाच्या आगीत तेल पडलं. मिनेसोटा राज्य झालं त्यानंतर लगेच, 11 मे 1858 ला. त्याच्या आधीच 1851 च्या तहांनी डकोटांची दक्षिणेकडची जवळजवळ सगळी जमीन गेली होती. कबूल केलेले पैसे आणि धान्य वेळेवर येईना, उपासमार झाली, 1862 च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, शेकडो वसाहतवाले मारले गेले, आणि 26 डिसेंबर 1862 ला मँकाटो गावात 38 डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी सामूहिक फाशी. ह्या किल्ल्याच्या खाली नदीकाठच्या सपाटीवर त्या हिवाळ्यात सोळाशेच्या वर डकोटा बायका, मुलं, म्हातारे कुंपणात डांबून ठेवले होते, त्यातले बरेच थंडीने आणि गोवराने गेले. सकाळी ज्या गव्हाचं कौतुक ऐकलं तो ह्याच मोकळ्या केलेल्या जमिनीवर पिकला. म्युझियममध्ये ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या तिकिटावर आहेत.

सोमवार, डुलुथ

35 नंबरच्या हायवेने सरळ उत्तर. मध्ये हिंकली लागतं, सगळे तिथे कॅरॅमल रोल खायला थांबतात, आम्हीही थांबलो. 1 सप्टेंबर 1894 ला हे गाव काही तासांत जळून खाक झालं, चारशेच्या वर माणसं गेली. लाकूडवाल्यांनी पाइनची झाडं तोडून नेली आणि फांद्या, साली, शेंडे तिथेच टाकले, कोरडा उन्हाळा आला, दोन वणवे एकत्र झाले. इथे बाबांनी प्रश्न विचारलाच नाही.

मग एका चढावरून गाडी वर येते आणि समोर एकदम लेक सुपिरियर. दुसरा काठ दिसत नाही. बाबांनी काच खाली केली, "आणि हेका तळा म्हणतत?" खारा वास नाही एवढाच फरक. 82,000 चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल जागी 406 मीटर, पृथ्वीवरच्या जमिनीवरच्या गोड्या पाण्याच्या दहा टक्के पाणी ह्या एका तळ्यात. आणि डुलुथ बंदरातून सेंट लॉरेन्स मार्गे अटलांटिक 2,342 मैल. 1959 ला तो सागरी मार्ग खुला झाल्यापासून परदेशी जहाजं थेट इथवर येतात, गहू आणि काय काय घेऊन जातात.

पण इथला खरा माल ओर. कॅनल पार्कमध्ये एरियल लिफ्ट ब्रिजपाशी बसलो, 1905 चा पूल, 1929-30 मध्ये बदलून असा केला की मधला पूर्ण गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. भोंगा झाला, गाड्या थांबल्या, पूल वर गेला आणि हजार फुटी जहाज त्या चिंचोळ्या कालव्यातून आत आलं, इतकं जवळून की डेकवरच्या माणसाच्या हातातला मग दिसत होता. जहाजाने भोंगा दिला, पुलाने उत्तर दिलं. ही हजार फुटी जहाजं ह्या तळ्यांमध्येच जन्माला येतात आणि तिथेच मरतात, समुद्रात जाऊच शकत नाहीत, कारण खालच्या बाजूच्या लॉकमध्ये, म्हणजे जहाज वरखाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यात, 740 फुटांच्या वरचं मावत नाही. बाबा जहाज किती पाण्यात बसलंय ते बघत होते. रिकामं आहे म्हणाले, भरायला चाललंय. बरोबर होतं.

आमच्या रेडी बंदराला बार्ज भरायच्या आणि बाहेर उभ्या जहाजाकडे न्यायच्या. इथे दोन हजार फुटांपेक्षा लांब, ऐंशी फूट उंच लोखंडी धक्का पाण्यात घुसलाय, ओरची मालगाडी त्याच्या डोक्यावर जाते, डबे खालून उघडतात, माल कप्प्यांत पडतो आणि तिथून जहाजात. सगळं उतारावर. मूळ कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती बदलायची फारशी गरज पडली नाही.

गावात फर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक स्मारक आहे, तिथेही गेलो. 15 जून 1920 ला सर्कशीतल्या तीन काळ्या कामगारांना, एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी, खोट्या बलात्काराच्या आरोपावरून हजारोंच्या जमावाने पोलिस स्टेशन फोडून बाहेर काढलं आणि दिव्याच्या खांबाला फाशी दिलं. त्याच्या फोटोची पोस्टकार्डं विकली गेली. स्मारक व्हायला 2003 उजाडलं. उत्तरेकडच्या लोकांना असं वाटतं की हे प्रकार फक्त दक्षिणेत व्हायचे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मंगळवार, नॉर्थ शोर

तळ्याच्या काठाने 61 नंबरचा रस्ता, आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पिवळे बर्च. काठावरचा काळा दगड बघून बाबा म्हणाले हा तर आपलाच. आहे बेसॉल्टच, पण आपला सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा 110 कोटी, खंड मधोमध फाटायला लागलं होतं आणि मग फाटायचं थांबलं, त्या भेगेतनं आलेला लाव्हा. गूजबेरी फॉल्सला त्यावरून चालता येतं.

टू हार्बर्स गावात 3एम कंपनीचा जन्म झाला, 1902 मध्ये. पाच जणांनी कोरंडम नावाचं कठीण खनिज सापडलं समजून सँडपेपरचा धंदा काढला, ते खनिज कोरंडम नव्हतंच, भलताच मऊ दगड निघाला. तरी कंपनी टिकली, सेंट पॉलला गेली आणि आज तुमच्या घरात स्कॉच टेप आहे. राज्याचं पहिलं ओरही ह्याच बंदरातून 1884 मध्ये गेलं.

पुढे स्प्लिट रॉक दीपगृह, 130 फुटी कड्याच्या टोकावर, कॅलेंडरवर असतं तसंच. 1905 च्या नोव्हेंबरच्या वादळात पोलाद कंपनीची बरीच जहाजं ह्या किनाऱ्यावर आपटली, मग कंपनीने सरकारमागे लागून दीपगृह मिळवलं, 1910 ला पेटलं. तेव्हा इथे रस्ताच नव्हता, वीटन् वीट बोटीतनं आणून क्रेनने कड्यावर चढवली. 1969 ला बंद झालं पण दरवर्षी 10 नोव्हेंबरला दिवा लावतात, कारण 1975 मध्ये त्या रात्री एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज 26,000 टन ओर घेऊन ह्या तळ्यात बुडालं. 29 जण होते, एकही वाचला नाही.

त्याच्या पुढे सिल्व्हर बे. टुरिस्ट थांबत नाहीत, आम्ही थांबलो. दुसऱ्या महायुद्धात चांगलं ओर उपसून संपत आलं, उरलं टॅकोनाइट, म्हणजे जेमतेम 25-30 टक्के लोखंड असलेला दगड, पोलादाएवढा कठीण. मिनेसोटा विद्यापीठाचे ई. डब्ल्यू. डेव्हिस तीसेक वर्षं त्याच्या मागे लागले होते. दगड पिठासारखा बारीक दळायचा, चुंबकाने लोखंड वेगळं काढायचं, बेंटोनाइट माती मिसळून गोळ्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या. तीन टन दगडाची एक टन गोळी, पण 65 टक्क्यांच्या आसपास लोखंड. 1955-56 मध्ये रिझर्व्ह मायनिंग कंपनीने त्याचा पहिला मोठा कारखाना इथे काढला, गावही कंपनीनेच वसवलं.

उरलेल्या दोन टन चुऱ्याचं काय? तळ्यात. दिवसाला 67,000 टन, वर्षानुवर्षं. 1973 मध्ये कळलं की डुलुथच्या नळाच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू येतायत. एप्रिल 1974 मध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करायचा हुकूम दिला, दोन दिवसांत वरच्या कोर्टाने स्थगिती दिली, आणि प्रत्यक्षात तळ्यात टाकणं थांबलं 1980 ला, चुरा जमिनीवर न्यायला लागले तेव्हा. कारखाना अजून चालू आहे. गोळ्या त्यातल्याच की काय माहीत नाही, पण रुळाच्या फाटकापाशी रस्त्याकडेला दोन-चार पडल्या होत्या, सुपारीपेक्षा लहान, जांभळट करड्या. बाबांनी एक उचलून तळहातावर उडवली, वजन बघितलं, बोटाला लाल भुकटी लागली ती नाकाशी नेली. "रंग तोच, वास तोच, फक्त ह्या मेल्यांनी औषधाच्या गोळ्यो केल्यानी." ती गोळी खिशात गेली आणि मला एअरपोर्टच्या सिक्युरिटीचं टेन्शन आलं.

बुधवार, हिबिंग

काठ सोडून आत मेसाबी रेंज ह्या लोखंडाच्या पट्ट्याकडे. रेंज म्हणायचं म्हणून, डोंगर असे नाहीत, ज्या मोठ्या टेकड्या दिसतात त्या खाणीतनं काढून टाकलेल्या मातीच्या आणि आता त्यांच्यावर झाडं आलीयत. लोखंडाचा थर 190 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा. 1890 मध्ये मेरिट बंधूंच्या माणसांना माउंटन आयर्नला तो सापडला, गाडीचं चाक लाल मातीत रुतलं असं सांगतात. मेरिटांनी रेल्वे बांधायला कर्ज काढलं, 1893 ची मंदी आली, सगळं तेलसम्राट रॉकफेलरकडे गेलं आणि 1901 ला तिथून युनायटेड स्टेट्स स्टील ह्या पोलाद कंपनीकडे. म्हणजे शोधणारे बाजूलाच.

हल-रस्ट-महोनिंग खाण. वरून बघायला सज्जा केलाय. तीन मैलांपेक्षा लांब, दोन मैल रुंद, पाचशे फुटांहून खोल. बाबा रेलिंग धरून बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग एकदम प्रश्नांची सरबत्ती, बेंच म्हणजे खाणीतल्या पायऱ्या किती उंचीच्या, पाणी कुठे उपसतात, पावसाळ्यात काय करतात. पावसाळाच नाही म्हटल्यावर त्यांना ते पटेना. खाली डंपर मुंगीसारखे दिसत होते, एकेक दोनशे टनांच्या आसपास माल घेतो. आमचा टिपर दहा टनी. बाबांनी मनात भागाकार केलेला तोंडावर दिसत होता, मग म्हणाले म्हणजे काट्यावर माझी वीस मिनिटं ह्यांची एक.

ही खाण वाढत वाढत गावाखाली आली. गाव ओरवर बसलेलं, खनिजाचे हक्क कंपनीकडे, मग 1919 पासून हिबिंग गावच दक्षिणेला दोन मैल हलवलं, घरं उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवायची आणि वाफेच्या यंत्रांनी, घोड्यांनी ओढायची. शेवटची काही घरं पन्नासच्या दशकापर्यंत जात होती. सेलर्स हॉटेल वाटेत निसटलं आणि त्याचा चुराडा झाला. जुन्या गावातल्या रस्त्यांचे दिवे आणि पायऱ्या अजून गवतात उभ्या आहेत, घर नाही, नुसत्या पायऱ्या. "मेल्यांनी अख्खो गाव उचलून नेल्यानी!"

आणि मग शाळा. हिबिंग हायस्कूल, 1920 ते 1923 मध्ये बांधलेलं, खर्च तेव्हाचे जवळजवळ 40 लाख डॉलर. आधी ईमेल करून ठेवला होता, शाळा सुटल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी दाखवली. संगमरवरी जिने, भिंतींवर मोठी तैलचित्रं, 1,800 खुर्च्यांचं नाट्यगृह मखमलीचं, छताला चेकोस्लोव्हाकियातून आणलेली काचेची झुंबरं, पितळी कठडे. खाणकामगारांच्या पोरांसाठी! चाळीसच्या वर देशांतली माणसं होती, फिन, इटालियन, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, घरी एकाचंही इंग्लिश धड नाही. बाबा खुर्चीवर बसले. "आमच्या शाळेची कौलां गळत, नि हय झुंबरां."

आता कंपनीने हे प्रेमाने बांधलं असं कोणी समजू नका. 1913 मध्ये व्हिक्टर पॉवर नावाचा वकील गावाचा अध्यक्ष झाला, त्याने कंपनीवर जबरदस्त कर लावले, कोर्टात भांडला, कंपनी उधळपट्टी म्हणून ओरडत राहिली आणि गाव म्हणालं की ओर एकदाच निघतं, परत उगवत नाही, जाण्याआधी आमचा वाटा इथे ठेवा. गाव हलवायचंय? मग शाळा द्या. त्याच कंपनीने 1907 आणि 1916 चे संप मोडून काढले होते, फिनिश कामगारांना काळ्या यादीत टाकलं होतं. म्हणजे एकाच घरातला बाप ब्लॅकलिस्टमध्ये आणि मुलगा झुंबराखाली नाटकात. टॅकोनाइट आल्यावर मालमत्ता कराऐवजी टनामागे कर आला, तो आजही गावांत आणि शाळांत वाटला जातो. आपल्याकडे खाणीच्या पैशातला वाटा तिथल्या गावांसाठी ठेवणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान 2015 च्या कायद्याने आलं, रेडीचं आणि गोव्याचं चांगलं ओर कधीच जहाजातनं गेल्यावर. 2012 ला गोव्यात खाणी बंद झाल्या तेव्हा बार्जवाले, टिपरवाले कर्जाचे हप्ते भरत बसले, बाबांना ते सगळं नावानिशी माहीत आहे. परतताना गाडीत हेच चाललं होतं.

सगळं गोड आहे असंही नाही. गावात दुकानं बंद दिसतात, पोलादाचा भाव पडला की कंपन्या हजारोंना घरी बसवतात, 1980 च्या दशकात तर इथून लोक निघूनच गेले. बॉब डिलन ह्याच शाळेतला, तोही निघूनच गेला. ग्रेहाउंड बसही इथलीच, 1914 मध्ये खाणकामगारांना 15 सेंटमध्ये शेजारच्या वस्तीत सोडायची.

जेवणात पास्टी, खाणीत डब्यात न्यायची, आत बटाटा, मांस आणि रुटाबागा कंद. आईने पोटिका म्हणजे अक्रोडाची गुंडाळी चहाबरोबर घेतली आणि परत मागवली.

गुरुवार, इटास्का

हिबिंगजवळच्या एका टेकडीवर पडलेलं पाणी तीन वाटांनी जातं, एक हडसनच्या उपसागरात, एक लेक सुपिरियरमधून अटलांटिकला आणि एक मेक्सिकोच्या आखाताला. टेकडी खाणीच्या हद्दीत आहे म्हणून बघता आली नाही. त्यातल्या तिसऱ्या वाटेचा उगम मात्र बघितला. लेक इटास्कातून मिसिसिपी निघते तिथे ती पंधरा-वीस फूट रुंद आणि गुडघाभर. आई साडी वर खोचून दगडांवरून पलीकडे गेली आणि परत आली, तिकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खांबावर लिहिलंय, इथून 2,552 मैल आखातापर्यंत. गंमत म्हणजे नदी आधी उत्तरेला जाते, बेमिजीपर्यंत, मग वळते.

1832 मध्ये स्कूलक्राफ्ट ह्या गोऱ्या संशोधकाने उगम "शोधला" असं पुस्तकात असतं, त्याला वाट दाखवली ओझाविंडिब ह्या ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या माणसाने. आणि ते दगड निसर्गाने ठेवलेले नाहीत, आजूबाजूला दलदल होती, 1930 च्या दशकात मंदीत काम द्यायच्या योजनेतल्या पोरांनी ते रचले. 1891 ला पार्क झालं तरी लाकूडवाले सुटले नव्हते, ते बांध घालून तळ्याची पातळी चढवायचे. 1903 मध्ये मेरी गिब्स नावाची चोवीस वर्षांची पोरगी पार्कची प्रमुख होती, ती बांधावर बंदूकवाल्यांसमोर उभी राहिली आणि दरवाजे उघडायला लावले. नोकरी फार दिवस टिकली नाही. आज उगमापाशीच्या केंद्राला तिचं नाव आहे. थोडे जुने पाइन उभे आहेत ते बघून कळतं की हिंकलीच्या आधी राज्य कसं दिसत असेल.

वाटेत ओजिब्वे लोकांच्या स्टॉलवर जंगली तांदूळ घेतला, मनूमिन. होडीतून एकाने होडी पुढे ढकलायची, दुसऱ्याने काठीने कणसं आत वाकवून झोडायची, सांडतं ते पुढच्या वर्षीचं बी. शेतात पिकवलेला काळाकुट्ट चमकदार असतो आणि स्वस्त, हा तपकिरी, लाकडावर भाजलेला. आईने रात्री केबिनमध्ये त्याची पेज केली. पेज काही झाली नाही, दाणा फुटून कुरळा होतो पण विरघळत नाही, पण वास धुराचा, आणि लोणच्याबरोबर बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या.

शुक्रवार, मूरहेड

पश्चिमेला दोन तासांत जंगल संपतं आणि जमीन अशी सपाट होते की आई घाबरली. हिमयुगाच्या शेवटी इथे ॲगसी नावाचं प्रचंड तळं होतं, त्याचा हा तळ, काळी चिकट माती. रेड रिव्हर उत्तरेला वाहते, दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि पुढे नदी गोठलेलीच, म्हणून पूर. 1997 ला ईस्ट ग्रँड फोर्क्स पाण्याखाली गेलं होतं.

इथलं पीक साखरेचं बीट, आणि मिनेसोटा त्यात देशात पहिलं. साधारण 1 ऑक्टोबरला मोठी काढणी सुरू होते, आम्ही नेमके त्या सुमाराला पोचलो, रात्रंदिवस ट्रक, रस्त्यावर मातीची ढेकळं. कारखान्याबाहेर बीटचे ढीग, उंच आणि शेकडो फूट लांब, उघड्यावर. बाबांना कळेना, ऊस तोडला की चोवीस तासांत गाळायला लागतो, हे कुजत नाही? नाही, थंडी येते आणि ढीग गोठतो, फुकटचं शीतगृह, मग मे महिन्यापर्यंत गाळत बसायचं.

कारखाना कोणाचा? अमेरिकन क्रिस्टल शुगर, 1973 मध्ये शेतकऱ्यांनीच कंपनी विकत घेऊन सहकारी केली. ज्याच्याकडे जेवढे शेअर तेवढं क्षेत्र लावायचा हक्क आणि तेवढं बीट घालायची सक्ती. बाबा खुश, म्हणाले चला, इथे तरी प्रश्न सुटला, गावातला माल आणि गावातलाच कारखाना. मी वाचलेलं सांगितलं, 2011 च्या ऑगस्टमध्ये ह्याच कारखान्याने कराराच्या भांडणात 1,300 कामगारांना बाहेर काढून टाळं लावलं, बदली माणसं आणली आणि ते वीस महिने चाललं, शेवटी कामगारांनी कंपनीचाच करार मान्य केला. बाबा जरा थांबले. "कारखानो शेतकऱ्यांचो, मग कामगार कोणाचे?" आई म्हणाली तुमच्या काट्यावर पण युनियन होती ना, तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यावर दोघांचं जे सुरू झालं ते मी इथे लिहीत नाही.

शनिवार, परत

94 नंबरने मिनिआपोलिस आणि तिथून घर, लांबचा पट्टा आहे, मध्ये मुक्काम केलात तर बरं. जाणाऱ्यांसाठी एवढंच. हिबिंगचा सज्जा हिवाळ्यात बंद असतो, शाळा बघायला आधी विचारा. डुलुथची जहाजं जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतात, मग 15 जानेवारीला लेक सुपिरियरमधून खाली उतरायच्या वाटेवरचे सू लॉक बंद होतात ते 25 मार्चला उघडतात, त्या काळात बंदरात नुसता बर्फ. बाउंड्री वॉटर्स हे तळ्यांचं जंगल आणि रॉचेस्टरचं मेयो क्लिनिक हे मोठं हॉस्पिटल ह्यावेळी राहिलं, बाबांना दोन्हीत रस नव्हता. गाडीच्या मॅटवर लाल माती आणि काळी माती दोन्ही आहे, उद्या व्हॅक्यूम करायचंय.